चावी कोणाच्या हातात?

मुलगा सुट्टीत घरी आला तेव्हा म्हणाला, "आई, आम्ही मुक्त सॉफ्टवेअरवाले केलेलं काम जगाला वाटतो, पण ठेवतो दुसऱ्याच्या कोठीत."

ती कोठी म्हणजे गिटहब. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती साडेसात अब्ज डॉलरला घेतली. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या निर्बंधांमुळे इराण, सीरिया, क्रिमियातल्या लोकांच्या खात्यांवर बंधनं आली. दोष एवढाच, की ते तिथे राहत होते. कोडची प्रत प्रत्येकाकडे असते म्हणे. पण त्यावरची चर्चा, आलेल्या तक्रारी कोठीतच राहतात.

म्हणून काहींनी आपली कोठी बांधली. डेबियनवाल्यांची 'साल्सा' आहे, बर्लिनच्या एका संस्थेची 'कोडबर्ग' वर्गणी-देणग्यांवर चालते.

"मग सगळेच असं का करत नाहीत?"

"रात्री सर्व्हर बंद पडला तर उठायचं कोणी?"

मला हसू आलं. हा प्रश्न आपल्याला काय नवा! घर सगळ्यांचं, पण पहाटे नळाला पाणी आलं की उठणारी एकटीच.

चावी आपल्या हातात असणं म्हणजे स्वातंत्र्य, हे खरंच. पण ते अर्धं. झाडलोट वाटून घेतली नाही तर मालक जातो आणि त्याच्या जागी एक दमलेला माणूस येतो. तो थकला, की कोठी बंद.

"त्यात तुझा वार कोणता?" मी विचारलं. तो गप्प बसला.

मीही गप्प झाले. वार लावून घ्यायची सवय त्याला या घरात मी तरी कुठे लावली होती?