चहा एकच, कप किती?

चहाच्या चवी किती, असं मला कुणी विचारलं तर मी बोटांवर मोजायला लागतो आणि बोटं संपतात. आमच्या माणदेशात पहिला मान गुळाच्या चहाला. गूळ घातल्यावर दूध उकळलं की चहा फाटतो, म्हणून बायका पातेलं चुलीवरून उतरल्यावर दूध घालायच्या. दूध नसलं तर कोराच. मग शेळीच्या दुधाचा. वासाला जरा उग्र, पण पहाटेच्या थंडीत रानात त्याला तोड नाही. पावसाळ्यात परसातल्या गवती चहाची दोन पाती अन् ठेचलेलं आलं. पुण्यात गेलो की अमृततुल्यातला, वेलदोड्याचा दाट गोड चहा. मध्यंतरी सूनबाईनं दार्जिलिंगचा बिनदुधाचा चहा पाजला. पहिल्या घोटाला वाटलं, हे नुसतं रंगीत पाणी. तिसऱ्या घोटाला त्यातला फुलासारखा वास कळला.

हिरवा चहा आणि काळा चहा एकाच झाडाच्या पानाचे, हे मला पुष्कळ उशिरा समजलं. पान तोडल्यावर लगेच उष्णता दिली की ते हिरवं राहतं. चुरडून हवेवर काळं पडू दिलं आणि मग वाळवलं, की आपली नेहमीची पत्ती. गवती चहा मात्र नावाचाच चहा, ते गवतच. झाड एक, करणी वेगळी, म्हणून चव वेगळी. असे भेद शंभर असावेत. जिभेला तेवढंच सुख.

पण गावात चहाचे दुसरेही प्रकार होते. ते पातेल्यात पडत नव्हते, कपात पडत होते. घटनेच्या सतराव्या कलमानं अस्पृश्यता १९५० सालीच मोडीत काढली. तरी मी पोरगा असताना गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात कान तुटलेली कपबशी पाहिलेली आहे. पिणाऱ्यानं ती स्वतः विसळायची आणि तिथंच पालथी घालायची. चहा वरून ओतायचा. पातेलं एकच, पत्ती एकच, आणि तरी तो चहा वेगळा.

आमच्या शेजारच्या मळ्यावर एक सालगडी होता. मालक अभिमानानं सांगायचा, "आम्ही आता काही पाळत नाही. पर त्योच चहा पीत न्हाई." हा गडी मला एकदा बाजारात दिसला. टपरीवर काचेचा गिलास दोन्ही हातांत धरून, फुंकर मारत, डोळे मिटून पीत होता. मी म्हणालो, "काय रं, तुला चहा चालत न्हाई म्हणं?"

"चालतोय की, दादा. पर तितला गार आसतोय."

"उकळता तर ओतत्यात."

"ओतत्यात उकळता. पर सगळ्यांचं झाल्यावर आमाला हाक. तवर गार हुतो."

कोनाडा गेला होता, रांग राहिली होती. गरम चहा ही काय चैनीची वस्तू नव्हे, पण कुणाला गरम आणि कुणाला गार, यात माणसाची किंमत ठरून जाते.

आता कागदी कप आले. लग्नात, सप्त्यात सगळ्यांना तोच कप, तेव्हा मला तो बरा वाटतो. पण घरात पाहुण्याला चिनी मातीचा कप आणि खुरपणाऱ्या बाईला कागदी, आणि वर "स्वच्छतेला बरं" हे कारण, तेव्हा कोनाडाच नवा झाला म्हणायचा.

यावर कुणी विचारील, मग पाहुण्याला दुधाचा आणि घरच्यांना कोरा, हाही भेदच नव्हे काय? आमच्या घरी तसंच होतं. मी यावर खूप विचार केला आहे. आपल्या वाट्याचं काढून दुसऱ्याला द्यावं, त्याला मान म्हणतात. दुसऱ्याच्या वाट्याचं तोडून आपलं मोठेपण राखावं, त्याला माज म्हणतात. दिसायला दोन्हीकडं दोन तऱ्हेचे चहा, पण एकात देणारा कमी घेतो, दुसऱ्यात घेणाऱ्याला कमी मिळतं.

एवढं म्हणूनही मन पुरतं मोकळं होत नाही. आमची आई उरलेल्या चोथ्यात पाणी घालून पुन्हा उकळलेला चहा प्यायची. तो त्याग होता म्हणून आपण तिचं कौतुक करतो. पण तिला दुधाचा चहा हवा का, हे घरातल्या कुणीही कधी विचारलं नव्हतं. न विचारता घेतलेल्या वाट्याला मान म्हणता येत नाही. म्हणजे देणाऱ्यानं खुशीनं दिलं पाहिजे, हीही अट त्यात आलीच.

चहाची आवड ज्याची त्याची. कुणाला आल्याचा, कुणाला कोरा, कुणाला साखर कमी. हे विचारून द्यावं. पण कप आणि वेळ यात आवडनिवड नसते. आमच्या रानात किटली आली की जो सगळ्यात लांबच्या सरीवर असतो, त्याच्याकडं आधी जाते आणि तिथून बांधाकडं येते. बांधावरच्याला शेवटी जरा गार मिळतो. बांधावर बहुधा मालकच बसलेला असतो, आणि गार चहानं मालकाचं काही बिघडत नाही.