वास कधी येतो?

गाडीत पेट्रोलचा वास आला की आपला एक हात काचेकडे जातो आणि दुसरा डॅशबोर्डवरच्या अत्तराच्या बाटलीकडे. काच खाली घेणं योग्यच. ती बाटली मात्र मला खटकते. जो वास सावध करायला आलेला असतो, त्याच्यावरच ती पांघरूण घालते.

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा असा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात. पेट्रोलला वास मुळातच आहे. हवेत त्याची वाफ साधारण दीड टक्का झाली की एक ठिणगी पुरते. आपल्या नाकाला तो वास याच्या हजारो पटींनी कमी वाफ असतानाच कळतो. म्हणजे हाताशी वेळ असतो. पण नाक लवकर सरावतं. साताऱ्याहून निघालेल्या चालकाला उंब्रज येईपर्यंत वास जाणवेनासा होतो. कराडला कुणी नवा माणूस गाडीत बसतो आणि म्हणतो, "पेट्रोलचा वास येतोय का हो?" चालक सांगतो, "छे, आत्ता पंपावर थांबलो होतो ना, तिथला असेल." अशा वेळी त्या नव्या माणसाच्या नाकावर विश्वास ठेवावा.

मला जास्त काळजी वाटते ती मागच्या सीटवरच्या पोरांची. यवतेश्वरचा किंवा पसरणीचा घाट चढताना पोरगी म्हणते, "मळमळतंय." आई म्हणते, "हिला गाडी लागते," आणि आल्याची वडी पुढे करते. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण अनेक गाड्यांत पेट्रोलचा पंप टाकीत बसवलेला असतो आणि त्याचं झाकण मागच्या सीटच्या बरोबर खाली येतं. त्या झाकणाखालचं रबरी वायसर कडक झालं, चिरलं, की सपाट रस्त्यावर कळतही नाही. टाकी काठोकाठ भरलेली असेल आणि चढ लागला, की पेट्रोल त्या झाकणापर्यंत येतं आणि वाफ थेट आत. पुढे बसलेल्या बापाला काहीच जाणवत नाही. घाटात मळमळणाऱ्या मुलाला एकदा तरी विचारावं, "बाळा, कसला वास येतोय का?"

गॅरेजमध्ये गेल्यावर आपण नुसतं "वास येतो" म्हणतो. चांगला मिस्त्री लगेच विचारतो, कधी? या एका प्रश्नात निम्मी दुरुस्ती असते. टाकी भरल्यावरच येत असेल तर झाकणाचं रबर, पंपाचं वायसर, नाहीतर कॅनिस्टर बघायचा. कॅनिस्टर म्हणजे टाकीतली वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा. ती वाफ पुढे इंजिनात जाऊन जळते. पंपावर नोझल आपोआप बंद झाल्यावरही "बसतंय का बघा अजून, राउंड करा" म्हणायची आपली सवय या डब्याच्या मुळावर येते. त्यात वाफेऐवजी पेट्रोलच शिरलं की कोळसा निकामी होतो. शिवाय पेट्रोल उन्हाने फुगतं. सकाळच्या गारव्यात भरलेली ४० लिटरची टाकी सांगलीच्या मे महिन्यातल्या उन्हात १५ अंशांनी तापली, तर आत अर्धा लिटरहून जास्त वाढ होते. तेवढी जागा मोकळी असायलाच हवी.

सकाळी गाडी चालू करताना वास येत असेल तर बॉनेट उघडावं. इंजेक्टरची रिंग, पाइपचे जोड आणि क्लिपा तिथे आहेत. इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत चावी फिरवताच पंप क्षणभर चालतो आणि पाइपमध्ये दाब चढतो. बारीक चीर असली तरी ती तेव्हा ओली दिसते. तापलेल्या इंजिनवर तेच पेट्रोल उडून जातं आणि मागे नुसता डाग राहतो. उसाच्या फडाशेजारी गाडी उभी करणाऱ्यांनी उंदरांचे दातही लक्षात घ्यावेत.

आणि आता इथेनॉल. त्याची आपल्या भागाशी जुनी ओळख आहे. पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळून विकण्याचे देशातले पहिले प्रायोगिक प्रकल्प २००१ साली सुरू झाले, तेव्हा निवडलेल्या मोजक्या ठिकाणांत मिरज होतं. आज हे प्रमाण २० टक्क्यांवर गेलं आहे. कृष्णाकाठच्या कारखान्यांची मळी त्यात उतरते, शेतकऱ्याच्या बिलाला हातभार लागतो, आणि मला याचं समाधान आहे. पण जुन्या गाड्यांतलं काही रबर या मिश्रणात टिकत नाही. फुगतं, मऊ पडतं, चिरतं. म्हणून जुनी गाडी असेल तर वास येण्याची वाट न बघता पाइप आणि वायसर बदलून घ्यावेत, आणि इथेनॉलला चालणारेच मागावेत. हा खर्च मला परवडणारा वाटतो, कारण दुसऱ्या बाजूला माणसं आहेत.

वास एकदम उग्र झाला तर मात्र शोध घेत बसू नये. गाडी कडेला घेऊन बंद करावी, सगळ्यांना उतरवून लांब उभं करावं. काडीच्या किंवा लायटरच्या उजेडात खाली डोकावणं तर कधीच नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत बंद तळघरातल्या पार्किंगमध्येही गाडी ठेवू नये.

काम झालं की मिस्त्री सांगेल, "आता नाही येणार, दादा." त्याचे आभार मानावेत, नोझल पहिल्यांदा थांबेपर्यंत टाकी भरावी, चालवायला दुसऱ्या कुणाला बसवावं, आणि यवतेश्वरच्या चढावर स्वतः मागच्या सीटवर, काचा बंद करून, पोरगी बसते त्या जागेवर बसावं.