उसन्या पाण्याचा काठ

दांडीयात्रेच्या आदल्या दिवशी, ११ मार्च १९३०च्या संध्याकाळी, गांधीजींची प्रार्थनासभा साबरमतीच्या वाळूत भरली होती. हजारो माणसं चक्क नदीच्या पात्रात बसली होती. अहमदाबादची नदी पावसाळ्यात भरून वाहायची. एरवी पाण्याची बारीक धार आणि दोन्ही बाजूंना वाळूच वाळू. पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटी कीर्तन ऐकलेल्या माणसाला अशी नदी समजावून सांगावी लागत नाही. त्या वाळूत उन्हाळी भाजीपाला पिकायचा, धोबी कपडे धुवायचे, सर्कशीचे तंबू पडायचे, एलिस पुलाजवळ रविवारचा गुजरी बाजार भरायचा. काठावर हजारो कुटुंबं झोपड्या घालून राहायची. नदी कोरडी होती, पण रिकामी नव्हती.

अहमदाबादच्या रिव्हरफ्रंटविषयी बोलताना सुरुवात इथून करावी असं मला वाटतं. ‘ओसाड पात्राचा कायापालट’ असं म्हटलं की आधी तिथे काहीच नव्हतं, हे न बोलता गृहीत धरलं जातं.

कल्पना तशी जुनी. १९६०च्या दशकात बर्नार्ड कोन या फ्रेंच वास्तुविशारदाने साबरमतीच्या काठाचा आराखडा मांडला. त्याच काळात अहमदाबादेत वास्तुकलेचं नवं शिक्षण आकार घेत होतं आणि कोन त्यात सामील होते. त्यांच्या नजरेसमोर शहरातल्या काठाबरोबर नदीचं खोरंही होतं. तो आराखडा कागदावरच राहिला. पुढच्या दशकात नदीचं रूप बदललं ते वेगळ्याच कारणांनी. १९७६मध्ये शहराच्या खालच्या अंगाला वासणा बंधारा झाला, तर वरच्या अंगाला १९७८च्या सुमारास धरोई धरण पुरं झालं. एक सिंचनासाठी, दुसरं सिंचन आणि पिण्याच्या पाण्यासाठी. पण दोन्ही मिळून शहरातली नदी दोन दारांमध्ये आली. वरचं दार उघडेल तेव्हाच पाणी येणार, खालचं दार लावलं की ते तुंबून राहणार. पुढचं सगळं या व्यवस्थेमुळे शक्य झालं.

मला सर्वांत निर्णायक वाटतं ते १९९७. त्या वर्षी महापालिकेने रिव्हरफ्रंटच्या कामासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन केली आणि लवकरच वास्तुविशारद बिमल पटेल यांच्याकडे आराखड्याचं काम आलं. पैसा कुठून आणायचा, या प्रश्नाला त्या आराखड्याने दिलेलं उत्तर असं: पात्र दोन्ही बाजूंनी आत घ्यायचं, सगळीकडे सारखी २६३ मीटर रुंदी ठेवायची, भिंती बांधून मागे भराव घालायचा. त्यातून सुमारे २०० हेक्टर जमीन निघते. तिचा थोडा भाग विकून प्रकल्पाचा खर्च भागवायचा, बाकीच्या जमिनीवर रस्ते, बागा, फिरण्याच्या वाटा करायच्या. हिशेब म्हणून हे चतुर होतं आणि बहुतेक जमीन सार्वजनिक ठेवण्याचा निर्णय चांगलाच होता. पण इथे विचाराचं केंद्र सरकलं. नदी सुधारण्याचा खर्च नदीनेच आपली रुंदी देऊन भागवायचा, असं एकदा ठरलं की रुंद, पसरट, बदलतं पात्र ही तोट्याची गोष्ट ठरते.

पाण्याचा प्रश्न नर्मदेने सोडवला. सरदार सरोवराचा मुख्य कालवा अहमदाबादच्या वरच्या अंगाला साबरमती ओलांडतो. तिथून नदीत पाणी सोडलं आणि वासण्याला अडवलं की शहराला बारमाही भरलेलं पात्र दिसतं. कच्छ-सौराष्ट्राच्या तहानेचं कारण सांगून, हजारो कुटुंबांना विस्थापित करून आणलेलं हे पाणी. त्यात आमच्या नंदुरबारच्या अक्राणी-अक्कलकुव्यातली आदिवासी गावंही बुडाली. या प्रकल्पाकडे मराठी माणसाने केवळ पाहुण्याच्या नजरेने पाहू नये, त्याचं हे एक कारण आहे.

२०१२मध्ये काठ लोकांसाठी खुला झाला. तिथली संध्याकाळ सुखाची असते, हे नाकारण्यात मला काडीचाही रस नाही. पोळांमधून, म्हणजे जुन्या शहरातल्या दाटीच्या गल्ल्यांमधून आलेल्या कुटुंबाला मोकळी हवा मिळते, मुलं धावतात, म्हातारी माणसं निर्धास्त चालतात. आपल्या शहरांत हे दुर्मीळ आहे. पण काठावरच्या दहा हजारांहून अधिक कुटुंबांना शहराच्या कडेला हलवलं गेलं आणि त्यांना न्यायालयात लढून पुनर्वसन मिळवावं लागलं, हेही त्याच काठाचं सत्य आहे. दुसरं सत्य बंधाऱ्याखाली आहे. वासण्यापुढे नदीत उरतं ते मुख्यतः शहराचं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी. २०२१मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने या प्रदूषणाची स्वतःहून दखल घेतली. शहराने नदी सुधारली म्हणायचं, तर ती शहर सोडून जाताना कशी आहे हेही मोजायला हवं.

पाण्याची वाण असलेल्या शहरांना दुसरी वाट नाही का? टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओचा नदीकाठ जगभर वाखाणला जातो. १९२१च्या पुरात तिथे माणसं मेली, तेव्हा नदीचं वळण झाकून त्याचं गटार करावं असाही विचार पुढे आला होता. नागरिकांनी विरोध केला. १९२९मध्ये रॉबर्ट ह्युगमन या वास्तुविशारदाने काठाचा आराखडा दिला आणि तो १९३९ ते १९४१ या काळात प्रत्यक्षात उतरला. त्या नदीचे मूळ झरेही उपशाने आटले. आज तिच्यात शहराचंच शुद्ध केलेलं सांडपाणी सोडतात. अहमदाबादने उचलावी अशी गोष्ट ही होती. दुसऱ्या खोऱ्यावर हात न टाकता, आपल्याच मैलापाण्याची जबाबदारी घेऊन वाहती ठेवलेली नदी.

आता तोच नमुना पुण्यात आला आहे. मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठाचा आराखडा अहमदाबादच्याच संस्थेने केला. भूमिपूजन मार्च २०२२मध्ये झालं. पण पुण्याचं दुखणं साबरमतीचं नाही. इथे सह्याद्रीचा पाऊस आहे, वर खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही धरणं आहेत. १९६१चा पानशेतचा पूर अजून घराघरांत सांगितला जातो. जुलै २०२४मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडलं, तेव्हा सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत ते घरांत शिरलं. या नदीला पुरासाठी रुंदी हवी, काठची झाडं हवीत, आणि उरलेले आठ महिने तिच्यात न शुद्ध केलेलं मैलापाणी येता कामा नये. ते येत राहिलं आणि सुशोभनासाठी बंधारे घालून अडवलं, तर काठावर फिरायला येणाऱ्याला तुंबलेल्या मैल्याशेजारूनच चालावं लागेल. म्हणून पुणेकरांनी महापालिकेला बाकांचा आणि दिव्यांचा हिशेब विचारण्याआधी दोन आकडे मागावेत: रोज किती मैलापाणी शुद्ध न होता नदीत जातं, आणि भराव पडल्यावर प्रत्येक पुलाशी पुराची पातळी किती चढेल.