उमेदवारी कोण करणार?

माझे आजोबा बडोदे संस्थानच्या दप्तरात कारकून होते. पगारी नोकरी लागण्यापूर्वी दोन वर्षे आपण तेथे उमेदवारी केली, असे ते सांगत. बोरू तासून ठेवायचे, वरिष्ठांनी दिलेल्या मोडी कागदांच्या नकला करायच्या, किर्दीवरून खतावणी उतरवायची आणि बेरजेचा ताळा पाहायचा, असा तो दिनक्रम होता. या कामाला फारशी बुद्धी लागत नसे. तरीही पुढे आयुष्यभर, एखाद्या कागदावर नजर टाकताच त्यात काही गफलत आहे हे त्यांना उमगे, ते त्या नकलांमुळेच. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील आपल्या जुन्या घरांतूनही थोड्याफार फरकाने अशाच गोष्टी सांगितल्या गेल्या असतील.

या गोष्टीची आठवण होण्याचे कारण निराळेच घडले. हैदराबादला एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारा माझा नातू दिवाळीला घरी आला होता. बोलता बोलता तो म्हणाला, "आजोबा, यंदा आमच्या गटात नवे कुणी घेतलेच नाही. नव्या मुलांना जे काम द्यायचो, ते आता चॅटबॉट करतो." त्याच्या स्वरात अभिमान होता की चिंता, हे मला कळले नाही. बहुधा त्यालाही ते ठाऊक नसावे.

यंत्रामुळे आज्ञावली लिहिणाऱ्यांची गरज संपेल, ही भाकिते नवी नाहीत. आयबीएमच्या ज्या गटाने १९५७ साली फोरट्रान ही भाषा प्रचारात आणली, त्याच गटाने १९५४ च्या प्राथमिक अहवालात अशी अपेक्षा व्यक्त केली होती की, आज्ञावली लिहिण्याचे व तिच्यातील दोष काढण्याचे काम आता जवळजवळ नाहीसे होईल. प्रत्यक्षात उलट घडले. लिहिणे सोपे झाले, तशी लिहून घेण्याची मागणी वाढली आणि या व्यवसायातील माणसांची संख्या कितीतरी पटींनी वाढली. या इतिहासावर बोट ठेवून पुष्कळ जण आजही निर्धास्त राहतात.

मला मात्र हा दिलासा अपुरा वाटतो. फोरट्रानला काय करायचे ते माणसानेच पायरीपायरीने सांगावे लागे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले, तेव्हापासून साध्या भाषेत हेतू सांगितला की पायऱ्याही यंत्रच रचू लागले आहे. हा भेद मोठा आहे आणि काही नोकऱ्या त्यामुळे जातील, हे नाकारण्यात अर्थ नाही.

नातवाने याचे प्रात्यक्षिकच दाखवले. आमच्या मंडळाच्या ग्रंथालयाची वर्गणी किती जणांकडे थकली आहे, याची यादी करणारी आज्ञावली त्याने चॅटबॉटकडून चहा निवेपर्यंत लिहून घेतली. यादी सुबक होती. परंतु थकबाकीदारांत पहिलेच नाव एका दिवंगत संस्थापक सभासदांच्या पत्नीचे निघाले. त्यांच्याकडून वर्गणी घ्यायची नाही, हा मंडळाचा चाळीस वर्षांचा प्रघात आहे आणि तो कोठेही लिहिलेला नाही. रकाना कोरा होता आणि कोरा रकाना म्हणजे थकबाकी, असे यंत्राने धरले. चूक सांगताच त्याने ती क्षणात सुधारली. पण ती कुणाच्या लक्षात आली नसती, तर पंचाऐंशी वर्षांच्या त्या बाईंच्या दारात वसुलीचे पत्र जाऊन पडले असते.

यावर असे म्हणता येईल की, उद्याचे यंत्र अधिक शहाणे असेल आणि कोऱ्या रकान्याचा अर्थ आधीच विचारून घेईल. ते खरेही आहे. आजही ते कधीकधी विचारते. परंतु पत्र गेलेच असते, तर क्षमा मागायला कोण गेले असते? चॅटबॉट क्षमायाचनेचे पत्र उत्तम लिहील, पण त्या दारात उभे राहून त्याला मान खाली घालता येणार नाही. लिहिणे आणि लिहिलेल्याला उत्तरदायी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली यंत्राकडे सोपवता येते, दुसरी माणसाकडेच उरते.

उत्तरदायित्व टाळले की काय होते, याचे उदाहरण ब्रिटनमध्ये घडले आहे. तेथील पोस्ट ऑफिसने १९९९ पासून 'होरायझन' ही संगणकीय हिशेबप्रणाली आणली. तिच्यातील दोषांमुळे नसलेली तूट दिसू लागली आणि १९९९ ते २०१५ या काळात, अशा हिशेबांच्या आधारे, टपालकचेऱ्या चालवणाऱ्या ९०० हून अधिक व्यक्तींना दोषी ठरवण्यात आले. काहींना तुरुंगवास घडला. संगणक बरोबर आहे, तेव्हा माणूस खोटा असला पाहिजे, असे धरले गेले. अखेर २०२४ साली संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. ती आज्ञावली माणसांनीच लिहिली होती, हे ध्यानात घ्यावे. लिहिणारी माणसे असतानाही जबाबदारी इतकी वर्षे झटकता आली. मग 'हे आमच्यापैकी कुणी लिहिलेच नाही' असे म्हणण्याची सोय झाल्यावर काय होईल?

यावर उपाय सांगितला जातो तो असा की, यंत्राने लिहावे आणि अनुभवी माणसाने तपासावे. उपाय योग्यच आहे. परंतु अनुभवी माणूस येतो कोठून? डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९८५ साली असे प्रतिपादन केले होते की, आज्ञावलीचे खरे स्थान कागदावरच्या मजकुरात नसून ती घडवणाऱ्यांच्या आकलनात असते. ती माणसे पांगली की मजकूर शिल्लक असूनही आज्ञावली मृत होते. हे आकलन किरकोळ कामे करता करता, चुकता चुकता, थोरांची बोलणी खात येते. थोडक्यात, ते उमेदवारीतून येते. चॅटबॉट आज नेमकी तीच कामे उचलतो आहे. अनुभवी अभियंत्याची जागा तो घेवो वा न घेवो, अनुभवी होण्याची वाट मात्र तो बंद करू शकतो.

म्हणून मला हा प्रश्न यंत्राच्या सामर्थ्यापेक्षा आपल्या कर्तव्याचा वाटतो. माझ्या नातवाला कुणीतरी शिकवले. त्याच्या पहिल्या वर्षातल्या चुका कुणीतरी सोसल्या, त्याचा पगारही दिला. हे ऋण मागे फेडता येत नाही; ते पुढच्या मुलालाच द्यायचे असते. नव्यांना न घेता वाचवलेला पैसा हा नफा म्हणून ताळेबंदात दिसेल, परंतु वस्तुतः ती मुद्दलाची उचल आहे. जुन्या उमेदवारीत बिनपगारी राबवून घेण्याचा अन्यायही होता. तो परत आणू नये. पण काम शिकवण्यासाठी काम देणे, ही त्यातील गोष्ट टिकवण्यासारखी आहे.

नातवाला मी एवढेच सांगितले, "वरिष्ठांना विचारून पाहा. दोन मुले तरी घ्या म्हणावे." तो "विचारतो" म्हणाला.

आमच्या मंडळात वर्गणीची यादी आता चॅटबॉटने लिहिलेली आज्ञावलीच काढते. महाविद्यालयात शिकणारी दोन मुले दर महिन्याला वही उघडून, एकेका नावाची चौकशी करत, तिचा ताळा पाहतात. यात त्यांचा वेळ फुकट जातो, असे आमच्या कोषाध्यक्षांचे मत आहे. मला तसे वाटत नाही. गेल्या महिन्यात त्यांतील एकाने मला विचारले, "काका, या आजींचा रकाना कोरा का?" मी त्याला सगळी हकिकत सांगितली.