वडिलांचा छंद



वडील जातात. दहावा, तेरावा होतो, पुढे वर्षश्राद्ध होते. शास्त्राने सांगितलेले सारे यथासांग पार पडते. मग एक प्रश्न उरतो, तो पोथीत सापडत नाही. वडिलांनी जन्मभर जीव लावलेला छंद घरात मागे राहिलेला असतो. कुणाच्या घरी मृदंग, कुणाच्या घरी तुळशीच्या माळा ओवण्याचे सामान, कुणाच्या परसात फुलझाडे. तो छंद आपण हाती घ्यावा का? ही पितृभक्ती म्हणावी, की गेलेल्या माणसाला धरून ठेवण्याचा मोह?

मृदंगाचेच पाहा. माझे वडील शेतकरी. एकादशीच्या भजनात मृदंगावर बसत. मृदंगाच्या उजव्या पुडीवर शाई असते. ती कारागिराने घोटून बसवलेली, पुष्कळ दिवस टिकते. डावीकडे धुमेला मात्र कणीक लावावी लागते. ती ताजी मळायची, थापायची, नाद खाली उतरला की वाजवायचे आणि भजन संपले की खरवडून काढायची. कालची कणीक आज चालत नाही. ती वाळते, तडकते.

वडिलांची आठवणही अशीच दोन अंगांची असते. त्यांनी दिलेले नाव, संस्कार, गळ्यातली माळ ही शाई. ती आपल्याला आयती मिळाली. स्मरणाची कणीक मात्र रोज आपल्याच हाताने मळावी लागते. फोटोला हार घातला आणि मृदंग खुंटीला टांगला, तर वादी सैल पडते, चामड्याला कसर लागते. जपायची म्हणून ठेवलेली वस्तूच हातची जाते.

मग मोह कोणता आणि स्मरण कोणते? मोह म्हणतो, "हे माझ्या वडिलांचे, कुणी हात लावू नका." स्मरण म्हणते, "या, बसा, वाजवा."

वारी हा छंद नव्हे, ते व्रत आहे. तरी वडिलांचे प्रेम मुलाने कसे पुढे न्यावे, याचा धडा तिथेच मिळतो. तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज वडिलांच्या प्रयाणानंतर जन्मले, असे परंपरा सांगते. वडिलांचे दर्शनही ज्यांना घडले नाही, त्यांनी १६८५ साली तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून पंढरीची वाट धरली. त्यांनीच माऊलींच्या पादुकाही सोबत घेतल्या, अशी परंपरा आहे. पादुका देव्हाऱ्यात ठेवूनही पूजा झाली असती. त्यांनी त्या वाटेवर आणल्या, म्हणून एका घरची आठवण लाखोंची वाट झाली.

तुम्ही म्हणाल, "वडिलांसारखा हात आम्हाला कुठला?" नसू दे. वडिलांची बरोबरी करण्यासाठी बसाल तर त्यात अहंकारच शिरेल. आणि मुळात गोडीच नसेल तर? गावात कुणी शिकू पाहणारा पोर असेल, त्याला मृदंग द्या. वडिलांचा जीव लाकडात नव्हता, त्यातून निघणाऱ्या नामाच्या ठेक्यात होता. तो ज्याच्या बोटांतून वाजेल, तो त्यांच्या छंदाचा वारस. त्यात रक्ताचे नाते पाहू नये.

कीर्तने थांबल्यापासून मी सकाळी अर्धा तास त्यांच्या मृदंगावर बसतो. सत्तरी ओलांडलेली बोटे आखडतात. कणीक मळताना वडील शेजारी असल्यासारखे वाटते. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा जुळल्या की वडीलही विसरतात आणि मीही. विठ्ठल तेवढा उरतो. वडिलांना विसरणे म्हणजे कृतघ्नपणा, असे कुणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. ते स्वतः वाजवताना ज्याच्यात हरवत, तिथेच त्यांच्या आठवणीने आपल्याला नेले, तर पितृऋणाचा काही भाग फिटला म्हणावा.

येत्या पितृपंधरवड्यात तर्पण झाले की घरातली ती वस्तू खाली काढा. धूळ पुसा. आणि जमेल तसे, वडील करीत ते करू लागा.

रामकृष्णहरी.