तोतया आणि मुखत्यार

दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धांचे परीक्षक अलीकडे एक प्रश्न इतक्या सराईतपणे विचारतात की, त्यामागे काही विचार असावा असे वाटेनासे झाले आहे : 'यात तुझे स्वतःचे काय?' तो प्रश्न आता आमच्या वऱ्हाडातही येऊन पोचला असून, गणपती-शारदोत्सवाच्या दिवसांत किशोरकुमारांची गाणी हुबेहूब त्यांच्याच ढंगात गाऊन चार पैसे मिळविणारा हिवरखेडचा किंवा अकोटचा ऑर्केस्ट्रातील गायक त्यापुढे आरोपीसारखा मान खाली घालतो.

या पेशाचे लाभ उघड आहेत. श्रोता आयता मिळतो, गळा तयार होतो, आणि मूळ गायक ज्या गावी कधी येणार नव्हता तेथे त्याचे गाणे जिवंत माणसाच्या मुखातून पोचते. हानीही तितकीच उघड आहे : टाळी पडते ती दुसऱ्याच्या नावाला, आणि वर्षानुवर्षे उसन्या आवाजात गाणाऱ्यास आपला आवाज कसा होता याचाच विसर पडतो. हा सारा पोटाचा व्यवहार, त्यात तत्त्व कसले शोधता, हे मत उत्तरास पात्र नाही. पोटासाठी तर परीक्षकही बसतात.

खरा समाचार घ्यावयाचा तो नवनिर्मितीच्या अभिमान्यांचा. कलावंताचे 'स्व'त्व आधी सिद्ध असते आणि अनुकरणाने ते मलिन होते, अशी त्यांची समजूत दिसते. अनुभव नेमका उलट आहे. खांडव्याचे किशोरकुमार, ज्यांचे जन्मगाव आणि आमचे हिवरखेड ही एकाच जुन्या मीटरगेज मार्गावरची स्थानके, ते स्वतः आरंभी सैगलांच्या धर्तीवर गात असत. १९४८ च्या 'जिद्दी'तील त्यांचे गाणे ऐकावे म्हणजे खात्री पटेल. कुमार गंधर्व बालपणी थोरामोठ्यांच्या ध्वनिमुद्रिका तंतोतंत वठवून सभा थक्क करीत, आणि पुढे प्रौढपणी त्यांनी दुसऱ्याचीच गाणी घेऊन जो कार्यक्रम केला त्याचे नाव ठेविले 'मला उमजलेले बालगंधर्व'. नवतेच्या कैवाऱ्यांनी त्यातील 'उमजलेले' या एका पदावर आठ दिवस चिंतन करावे. तेवढी सवड नसेल तर निदान एवढे सांगावे की, गुरुमुखातून चालत आलेली जी विद्या शतकानुशतके पुनरावृत्तीवरच जगली, तिच्यातील कोणत्या घराण्यास ते निर्दोष ठरविणार आहेत?

तुकडोजी महाराज १९६८ साली गेले. परंतु मोझरीच्या गुरुकुंजापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत खंजिरी भजनी मंडळे आजही त्यांचीच भजने गातात, आणि त्यांना 'तुमचे काय?' असे विचारण्याचे धारिष्ट कोणी करीत नाही. कारण भजनाच्या अखेरच्या चरणात 'तुकड्यादास' ही नाममुद्रा येते, आणि ती उच्चारताना गाणारा दुसऱ्याच्या मालकीची कबुली स्वतःच्या आवाजात देतो. मुखत्यार दुसऱ्याच्या वतीने सही करतो, पण अक्षर त्याचे स्वतःचे असते. तोतया अक्षरच फिरवितो. भाऊसाहेबांच्या तोतयाची कथा मराठी वाचकास नव्याने सांगावयास नको. याच मुलखातील सत्यपाल महाराज एका खंजिरीच्या जागी सात खंजिऱ्या घेऊन बसले, तेव्हा ते परंपरेपासून तुटले असे कोण म्हणेल, आणि त्यांनी केवळ नक्कल केली असे तरी कोण म्हणेल?

यावर आक्षेप येईल की, ऑर्केस्ट्राचा निवेदकही मूळ गायकाचे नाव सांगतोच, मग त्याचा गायक तोतया कसा? आक्षेप रास्त आहे. पण मला तो अर्धाच मान्य आहे. तो गायक श्रोत्यांस फसवीत नाही, फसवितो ते स्वतःच्या गळ्यास.

कायद्याने मुखत्यारपत्र ते लिहून देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर सामान्यतः संपते. गाण्यात मात्र ते बहुधा तेव्हाच अमलात येते. म्हणूनच हिवरखेडच्या त्या गायकास नवे गाणे रचण्याचा उपदेश मी करणार नाही. किशोरकुमारांचेच गाणे त्याने एकदा आपल्या पट्टीत, आपल्या आवाजात म्हणून पाहावे. त्या रात्री टाळ्या बहुधा कमी पडतील. तेवढी तोशीस त्याने सोसावी.