हजार वर्षांची वाट

द्राक्षाच्या एकेका वेलाला दहा हजार फांद्या, एकेका फांदीला दहा हजार डहाळ्या, आणि असे वाढत वाढत एकेका घडाला दहा हजार मणी. कुणा भक्ताने एक घड हातात घेतला की शेजारचा घड ओरडणार, मला घे, मी त्याहून चांगला आहे. हे चित्र दुसऱ्या शतकाच्या आरंभी पापियास नावाच्या धर्माध्यक्षाने रंगवले. त्याचे गाव हिएरापोलिस आज तुर्कस्तानात आहे. ख्रिस्त परत येईल, याच पृथ्वीवर हजार वर्षे राज्य करील, आणि तेव्हा जमीन अशी पिकेल, असा त्याचा भरवसा होता.

या भरवशाचे मूळ बायबलातल्या प्रकटीकरण या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात आहे. सैतानाला साखळदंडाने बांधून अगाधकूपात टाकले जाते आणि विश्वासासाठी मारले गेलेले लोक जिवंत होऊन ख्रिस्ताबरोबर राज्य करतात. लागोपाठ सहा वचनांत हजार वर्षांचा उल्लेख येतो. बायबलात इतरत्र हा हिशेब असा कुठेच मांडलेला नाही. तरीही गेली जवळजवळ दोन हजार वर्षे ख्रिस्ती लोक या सहा वचनांवरून एकमेकांशी वाद घालत आले. ख्रिस्त आधी येणार आणि मग हजार वर्षे, की हजार वर्षे आधी आणि ख्रिस्त मग? की ती हजार वर्षे सुरूही झाली आहेत?

पापियासचे द्राक्षांचे चित्र आपल्यापर्यंत पोचवले ते लिओं शहराचा धर्माध्यक्ष इरेनियस याने. इ. स. 177 मध्ये त्या शहरात ख्रिस्ती लोकांना हालहाल करून मारले होते. इरेनियसचे म्हणणे असे, की ज्या सृष्टीत माणसांनी छळ सोसला, त्याच सृष्टीत त्यांना त्याचे फळ मिळायला हवे. मला हा युक्तिवाद फार मोलाचा वाटतो. दूर आकाशातल्या स्वर्गाने या मातीवर झालेल्या अन्यायाची भरपाई होत नाही, असे तो सांगतो. पुढच्या पंडितांनी या आशेला बाळबोध म्हटले, पण तिच्यातली न्यायाची मागणी बाळबोध नव्हती.

दोनशे वर्षांनी काळ पालटला. छळणारे रोमन साम्राज्यच ख्रिस्ती झाले, आणि इ. स. 410 मध्ये रोम शहर लुटले गेले. त्यानंतर धर्मपंडित ऑगस्टीनने ‘देवाचे नगर’ हा आपला मोठा ग्रंथ लिहायला घेतला. त्याच्या विसाव्या भागात तो मोकळेपणाने कबूल करतो, की एके काळी मीही हजार वर्षांच्या राज्यावर विश्वास ठेवत होतो; पण लोक त्यात मेजवान्यांची स्वप्ने पाहू लागले, तेव्हा मन उडाले. त्याने अर्थच बदलला. सैतान ख्रिस्ताच्या पहिल्या येण्यातच बांधला गेला. हजार हा आकडा पूर्णत्वाची खूण. आणि आज चालू आहे तो मंडळीचा (चर्चचा) काळ म्हणजेच ती हजार वर्षे. या एका वाचनाने युरोपातली मुख्य मंडळी पुढची हजारभर वर्षे शांत राहिली. तरी इटलीतल्या योआकिमसारखे साधू पवित्र आत्म्याच्या तिसऱ्या युगाची गणिते मांडत राहिले, आणि 1534 साली म्यून्स्टर शहरात काहींनी ते राज्य तलवारीने आणायचा प्रयत्न केला. त्याचा शेवट रक्तपातात झाला.

अठराव्या शतकात अमेरिकेत जोनाथन एडवर्ड्सने आशेला निराळे वळण दिले. सुवार्ता पसरत जाईल, जग हळूहळू सुधारेल, हजार वर्षांचा तो सुकाळ माणसांच्या प्रार्थनेतून आणि कष्टांतून उगवेल, आणि मग ख्रिस्त येईल. एडवर्ड्सचा शिष्य सॅम्युएल हॉपकिन्स याने 1793 मध्ये या सुकाळावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. ही विचारधारा थेट आपल्या किनाऱ्याला लागली. तिच्यात वाढलेला मिशनरी गॉर्डन हॉल 1813 मध्ये मुंबईत उतरला. त्याने आणि सॅम्युएल न्यूवेलने मुंबईत बसून जगातल्या साठ कोटी लोकांना सुवार्ता कशी पोचवायची याचा हिशेब मांडला. ते पुस्तक 1818 मध्ये अमेरिकेत छापले गेले. जगाचा कायापालट आटोक्यात आहे, माणसे तेवढी हवीत, असा त्याचा सूर. न्यूवेल 1821 मध्ये मुंबईत पटकीने गेला. हॉल 1826 मध्ये नाशिककडून परतताना पटकीनेच वाटेत गेला. पण त्यांच्या मिशनने 1824 मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली होती. भविष्याचे एक वाचन शाळेच्या रूपाने असे आपल्या गल्लीत येऊन बसले.

त्याच अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातला विल्यम मिलर नावाचा शेतकरी बायबलातले दानीएलचे पुस्तक चाळत होता. आठव्या अध्यायातले 2300 दिवस म्हणजे 2300 वर्षे, सुरुवात इ. स. पूर्व 457 पासून. वजाबाकी केली की ख्रिस्ताच्या परत येण्याचे वर्ष 1843. ते वर्ष सरले, तेव्हा लक्षात आले की इसवी सनात शून्य हे वर्षच नाही, म्हणजे 1844. मिलर नेमका दिवस सांगायला तयार नव्हता. अनुयायांनी 22 ऑक्टोबर ठरवला आणि शेवटच्या काही आठवड्यांत त्यानेही तो मानला. काही शेतकऱ्यांनी शेतातले बटाटे काढलेच नाहीत. हायरम एडसन नावाच्या शेतकऱ्याने नंतर लिहून ठेवले, की मध्यरात्र टळली तेव्हा जमलेले सगळे रडू लागले आणि उजाडेपर्यंत रडत राहिले.

मला या माणसांची थट्टा करवत नाही. त्यांनी शब्द मनापासून घेतला होता. मिलरने आपले चुकले असे उघड सांगितले आणि 1849 मध्ये वाट पाहतच तो वारला. त्या रडण्याच्या रात्रीनंतर उजाडल्यावर मक्याच्या शेतातून जाताना एडसनला नवा अर्थ सुचला, की तारीख खरी, घटना मात्र स्वर्गात घडली. त्यातून पुढे सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी उभी राहिली. पुण्याची स्पायसर ही शिक्षणसंस्था त्यांचीच.

अटलांटिकच्या पलीकडे, ब्रिटन-आयर्लंडमध्ये, जॉन नेल्सन डार्बीने याच काळात वेगळी मांडणी केली: जग सुधारणार नाही, बिघडतच जाणार, ख्रिस्त कोणत्याही क्षणी येऊन आपल्या लोकांना मेघांत उचलून नेईल, मग मोठे संकट, मग हजार वर्षे. ही मांडणी 1909 च्या स्कोफील्ड बायबलाने घरोघर नेली. त्यात मूळ वचनांच्या खाली, त्याच पानावर, टिपा होत्या. सार्थ पोथी वाचत मोठे झालेल्या मराठी माणसाला हे लगेच कळेल: वाचता वाचता ओवी कुठे संपते आणि अर्थ कुठे सुरू होतो, ते ध्यानात राहत नाही. अमेरिकेतल्या असंख्य वाचकांसाठी टिपाच वचन होऊन गेल्या.

डार्बीची शिकवण माणसाला हात जोडून बसवते, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. मलाही बरीच वर्षे तसेच वाटे. पण त्याच्याच गोटातला एक्सेटरचा दंतवैद्य ॲन्थनी ग्रोव्ह्ज सर्वस्व सोडून 1829 मध्ये बगदादला गेला. 1831 च्या प्लेगात तिथे त्याची बायको गेली, आणि 1833 मध्ये तो मुंबईला आला. त्याचा मेहुणा जॉर्ज म्युलर. जग हळूहळू सुधारेल ही आशा म्युलरने अभ्यासाअंती सोडली होती, ख्रिस्त आधी येणार यावर त्याचा विश्वास होता; आणि त्यानेच ब्रिस्टलमध्ये दोन हजारांहून अधिक अनाथ मुलांसाठी दगडी इमारती बांधल्या. उद्या प्रभू येईल असे मानणारा माणूस शंभर वर्षे टिकतील अशा भिंती उभारत होता. कोणते वाचन आळशी आणि कोणते कष्टाळू, हे नुसत्या सिद्धान्तावरून ठरवता येत नाही, हे मला म्युलरकडून उमगले.

त्याचे चरित्र पंडिता रमाबाईंनी वाचले होते. आपल्या साक्षीत त्यांनी तसे लिहिले आहे. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुली आणि विधवांना घेऊन त्या केडगावला उतरल्या. 1905 मध्ये तिथे जे धार्मिक जागरण झाले, त्याचा अर्थ पुष्कळांनी शेवटच्या दिवसांत पवित्र आत्मा ओतला जाईल या योएल संदेष्ट्याच्या भविष्याशी जोडला. शेवटचे दिवस आले असतील, तरी विहिरीचे पाणी काढायचे होते, दळण दळायचे होते. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत अख्ख्या बायबलाचे भाषांतर करत राहिल्या. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या, आणि 1924 मध्ये ते बायबल केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडले. खिळे जुळवणाऱ्या मुक्तीतल्याच बाया होत्या. हजार वर्षांचा तो विसावा अध्यायही त्यांनी एकेक अक्षर उचलून, उलट्या शिशाच्या खिळ्यांत, ओळीने लावला.